सातव्या भागाच्या सहा कॅसेट

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. 'जुना' हा शब्द मी आधीच वापरून टाकतो, म्हणजे तुम्हाला तसदी नको. कपाटाच्या सर्वांत वरच्या फळीवर, इस्त्री आणि मोडकी छत्री यांच्यामध्ये मला जागा मिळाली आहे. माझे झाकण एका बाजूने सुटले आहे, आतले रबरी पट्टे सैल पडले आहेत आणि बटणांवरची चिन्हे बोटांनी घासून पुसट झाली आहेत. फक्त लाल बटण अजून चांगले लाल आहे. मला त्या बटणाबद्दलच सांगायचे आहे. सांगताना मी स्वतःची बाजू घेणार नाही, कारण घेण्यासारखी बाजू मला सापडलेली नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसलेल्या असत आणि प्रत्येकीच्या हातून माझ्या पोटात एकेक वस्तू येई. कुणी मोटर बसवली, कुणी पट्टा चढवला, कुणी स्पीकरच्या तारा जोडल्या. शेवटच्या खुर्चीवर चष्मा लावलेली एक बाई तपासणीला होती. तिने माझे लाल बटण दाबून "एक, दोन, तीन, चार" म्हटले, फीत मागे घेऊन ते ऐकले आणि मान डोलावली. मी फुशारून गेलो. मग तिने तीच कॅसेट काढून शेजारच्या यंत्रात घातली आणि तिथेही लाल बटण दाबून "एक, दोन, तीन, चार" म्हटले. माझे एक-दोन-तीन-चार तिथल्या तिथे पुसले गेले.

हे कसे होते ते सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. लाल बटण दाबले की फीत आधी एका छोट्या चुंबकासमोरून सरकते. तिच्यावर जे काही असेल ते तो चुंबक पुसून टाकतो. मग बोटभर अंतरावरचा दुसरा तुकडा तिच्यावर नवा आवाज लिहितो. आधी पुसणे आणि मग लिहिणे, अशी ही दोन्ही कामे मीच करतो. लिहिण्याबद्दल माझे पुष्कळ कौतुक झाले. पुसण्याबद्दल अकरा वर्षांत कुणी चकार शब्द काढला नाही.

मला विकत घेतले ते एका घड्याळजींनी. त्यांचे दुकान इतके अरुंद होते की गिऱ्हाईक आत आले की त्यांना उभे राहायला जागा उरत नसे. भिंतीवर पन्नास-साठ घड्याळे आणि त्यांतली निम्मी दुरुस्तीची वाट पाहणारी, त्यामुळे त्या दुकानात बरोबर किती वाजले हे फक्त घड्याळजींनाच ठाऊक असायचे. त्यांना वाचनाचे भारी वेड. जेवताना पुस्तक, गिऱ्हाईक नसताना पुस्तक, आणि घड्याळात घातलेले तेल मुरेपर्यंतही पुस्तक. मग त्यांना अक्षरे अंधूक दिसू लागली. आधी त्यांनी दिव्याला दोष दिला, मग चष्म्याला, मग छापखान्यांना. डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचे नाव घेतले तेव्हा फार उशीर झाला होता. दोन वर्षांत दुकान बंद झाले. बायको आधीच गेलेली होती आणि मुलगी तेव्हा दहावीत होती.

घड्याळजींना एक थोरली बहीण होती. तिला सगळे ताईच म्हणत. ताई गावाच्या दुसऱ्या टोकाला एकट्या राहत आणि एका छापखान्यात वाचक म्हणून काम करत. वाचकाचे काम असे, की एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने छापलेला कागद समोर धरून चुका शोधायच्या. ताई मोठ्याने वाचणाऱ्या. दिवसभर वाचून त्यांचा आवाज बसत नसे, उलट लागत असे. आपल्या धाकट्या भावाचे वाचन सुटले हे कळल्यावर त्या थेट घरी आल्या, मला टेबलावरून उचलले आणि एका कापडी पिशवीत कोंबले.

"हा मी घेऊन चालले," त्या म्हणाल्या. "सोमवार ते बुधवार माझ्याकडे राहील. गुरुवारी तुला भरून परत मिळेल."

"काय भरून?" घड्याळजींनी विचारले.

"पुस्तक, छोटू. दुसरं काय भरणार त्यात, लोणचं?"

घड्याळजींची पन्नाशी जवळ आली होती, पण ताईंसाठी ते छोटूच होते. आमचे फिरते आयुष्य असे सुरू झाले. पिशवीत मी आणि माझ्यासोबत नव्वद मिनिटांच्या सहा कॅसेट. मुलगी मला बसने इकडून तिकडे नेई. ताईंकडे स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझा मुक्काम असे, कारण त्या खोलीला रस्त्याकडे खिडकी नव्हती आणि हॉर्न ऐकू येत नसत. घड्याळजींकडे मी त्यांच्या जुन्या कामाच्या टेबलावर, चिमटे आणि तेलाच्या कुपीशेजारी असे. ते बोटांनी चाचपून माझे झाकण उघडायचे आणि स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने माझे हेड, म्हणजे फितीला टेकणारा तो छोटा तुकडा, साफ करायचे. डोळे असणाऱ्या माणसांनीही माझी इतकी निगा कधी राखली नसती.

पहिली कॅसेट आली तेव्हा घड्याळजी हसून हसून बेजार झाले. ताईंनी छापखान्यातल्या सवयीने विरामचिन्हांसकट वाचले होते. "ती म्हणाली स्वल्पविराम अवतरण सुरू मी येणार नाही पूर्णविराम अवतरण बंद." पुढच्या आठवड्यात त्यांनी विरामचिन्हे सोडली, पण दुसरी खोड काही सुटली नाही. मध्येच थांबून त्या भावाशी बोलत. "छोटू, इथे 'नदी'ची 'नंदी' झालीय, हसू नकोस." "छोटू, हा माणूस चोर आहे बघ, मी आत्ताच सांगून ठेवते." "थांब, दूध उतू चाललंय." मग पावले, भांड्याचा आवाज, आणि ताई परत. पुस्तकातली गोष्ट एका बाजूला आणि ताईंच्या गप्पा दुसऱ्या बाजूला, अशी दोन्ही मिळून ती कॅसेट असे. खरे सांगायचे तर मला गप्पाच आवडत.

ऐकून झाले की घड्याळजी सहाही कॅसेट पिशवीत ठेवून परत पाठवत आणि ताई त्यांच्यावरच पुढचे पुस्तक वाचत. यात कंजूषपणा नव्हता. दोघांचा स्वभावच तसा होता. घड्याळजींना रिकामे कामाचे टेबल आवडे. छापखान्यात तपासून झालेला कागद ठेवायचा नसतो, हे ताईंच्या अंगात मुरलेले होते. "ऐकलंस ना? मग दे इकडे," असे त्या म्हणत. अशी अकरा वर्षांत नव्वदच्या वर पुस्तके त्या सहा कॅसेटवरून गेली. प्रत्येक पुस्तक आले आणि आधीच्या पुस्तकाला पुसून गेले. मी कधी कुरकुर केली नाही, उलट इतक्या पुस्तकांचा बोजा मी एकट्याने वाहिला म्हणून मनातल्या मनात पाठ थोपटून घेत होतो.

या भावंडांची एक प्रथा होती, तिला ती सहामाही म्हणत. वर्षाच्या पहिल्या दिवशी दोघे मिळून त्या वर्षीच्या वाचनाचा संकल्प ठरवत. किती पुस्तके, कोणत्या मालिकेचे किती भाग, आणि एक कवितेचे पुस्तक. मग सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई स्वतः घरी येत आणि दोघांच्या मध्ये मला ठेवून लाल बटण दाबत. काय वाचून झाले, काय राहिले, कोणते आवडले, कोणते मध्येच सोडले, यावर पाऊण तास वाद चाले. ताई प्रत्येक पुस्तकाला दहापैकी गुण देत आणि छपाईच्या चुकांसाठी वेगळे कापत. कवितेचे पुस्तक दर सहामाहीला बाकी असायचे. "डिसेंबरपर्यंत होईल," घड्याळजी म्हणत, आणि दोघांनाही ठाऊक असे की होणार नाही. सहामाहीची कॅसेट घड्याळजी दोनदा ऐकत. मग तीही इतरांबरोबर पिशवीत जाई.

दोघांची सगळ्यात लाडकी होती ती नावाडिणीची मालिका. सात भागांची होती. पहिल्या भागात एका नावाडिणीच्या नवऱ्याची होडी रिकामी परत येते, आणि तेव्हापासून ती स्वतः वल्ही हातात घेते. प्रत्येक भागात तिच्या होडीत एक नवा प्रवासी बसतो आणि त्याची गोष्ट उलगडते, पण नवऱ्याचे काय झाले ते काही कळत नाही. सहावा भाग आला त्याला चार वर्षे झाली होती. सातवा आणि शेवटचा भाग बाजारात आला तेव्हा ताईंनी तो पहिल्याच दिवशी आणला, कागदाचे वेष्टनही न काढता टेबलावर ठेवला आणि छोटूला निरोप पाठवला, की सहामाही झाल्यावर सुरू करू, तोपर्यंत धीर धर.

त्या वर्षीची सहामाही मला शब्दन्‌शब्द आठवते. म्हणजे आठवते असे म्हणायचे, माझ्यापाशी ती नाही.

संकल्प बारा पुस्तकांचा होता आणि झाली होती चार. मार्चपासून ताईंचा घसा धरलेला होता. आधी सर्दी म्हणून झाले, मग छापखान्यातली धूळ म्हणून झाले. त्या दिवशी त्या आल्या, पाणी प्यायल्या आणि बटण दाबायच्या आधी दोनदा खाकरल्या. चारही पुस्तकांचे गुण दिले. एकाला आठ दिले आणि एक छपाईसाठी कापला. नेहमीप्रमाणे घड्याळजींनी वाद घातला. मग ताई म्हणाल्या, "आता बाकीच्या आठांचं. त्यातली सात काढून टाक."

"का?"

"वेळ नाही. जुलैच्या अठ्ठावीसला माझं ऑपरेशन आहे. घशात गाठ आहे, ती चांगली नाही. स्वरयंत्र काढणार आहेत."

"काढणार म्हणजे?"

"काढणार म्हणजे काढणार. तू घड्याळातलं चाक काढायचास तसं. फक्त ते नवं बसवत नाहीत."

मी चालूच होतो. फीत फिरण्याची माझी बारीक घरघर तेवढी ऐकू येत होती. घड्याळजींनी टेबलाची कड धरली आणि बराच वेळ बोटांनी चाचपत राहिले, जणू तिथे एखादा स्क्रू पडला आहे. मग त्यांनी विचारले, "मग सातवा भाग?"

मित्रांनो, हे ऐकून तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही आला होता. पण घाबरलेला माणूस हाताला लागेल ते धरतो, आणि त्यांच्या हाताला ते पुस्तक लागले. ताईंना तर तो प्रश्न ऐकून हायसेच वाटले. गाठीबद्दल बोलण्यापेक्षा पानांबद्दल बोलणे दोघांनाही सोपे होते.

"तेच म्हणतेय," त्या म्हणाल्या. "चारशे बारा पानं आहेत. डॉक्टर बोलणं कमी करा म्हणालेत. दिवसाला पंधरा पानं झाली तरी पुरे. ऑपरेशनच्या आधी सातवा भाग संपवायचा. यंदाचा संकल्प तेवढाच."

"मग एक कर, ताई," घड्याळजी म्हणाले. "माझ्याशी बोलत बसू नकोस. फोन नको, मध्ये मध्ये गप्पा नकोत. सगळा आवाज वाचनाला ठेव."

"चालेल," ताई म्हणाल्या.

आणि दोघे खूश झाले. अडचणीतून चांगला मार्ग काढल्यासारखे खूश झाले. ती सहामाही सहाव्या कॅसेटवर होती. घड्याळजींनी ती एकदाच ऐकली आणि पिशवीत टाकली.

जुलै उजाडला. ताईंनी छापखान्यात रजा टाकली. दूधवाल्याला, शेजारणीला, वाण्याला त्या चिठ्ठी लिहून दाखवू लागल्या. मुलगी मला घ्यायला येई तेव्हा तिलाही चिठ्ठीच मिळे. ती तोवर सव्वीस वर्षांची झाली होती आणि औषधांच्या दुकानात कामाला होती, त्यामुळे या आजाराचे पुढे काय होते ते तिला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त ठाऊक होते. एकदा ती म्हणाली, "आत्या, पुस्तक राहू दे. बाबांशी थोडं बोल ना. त्यांना बरं वाटेल." ताईंनी कागदावर लिहिले, "बोलले तर पानं राहतील." मुलीने तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि मला उचलले.

ताई आता रोज सकाळी स्वयंपाकघरात बसत. माइक तोंडाजवळ ओढत. दहा मिनिटे वाचत, बटण बंद करत, कोमट पाणी पीत, पुन्हा दहा मिनिटे वाचत. मधल्या गप्पा बंद झाल्या. एका पानावर छपाईची भलतीच विनोदी चूक होती. त्या क्षणभर थांबल्या, मला वाटले आता 'छोटू' म्हणतील, पण त्यांनी नुसता श्वास घेतला आणि पुढचे वाक्य वाचले. त्यांचा आवाज पहिल्या आठवड्यात घोगरा होता. दुसऱ्या आठवड्यात शब्दांची टोके गळू लागली. तिसऱ्या आठवड्यात लांबचे वाक्य मध्येच तुटू लागले आणि त्या ते पहिल्यापासून वाचू लागल्या, कारण अर्धवट वाक्य पुढे पाठवणे त्यांच्या शिस्तीत बसत नव्हते.

चारशे बारा पाने सहा कॅसेटमध्ये मावणारी नव्हती. पहिली फेरी भरली, घड्याळजींनी ऐकली, कॅसेट परत आल्या आणि दुसरी फेरी सुरू झाली. पहिल्याच फेरीत सहाव्या कॅसेटची पाळी आली. ताईंनी ती माझ्यात घातली, पुस्तकात बोट ठेवून लाल बटण दाबले आणि चौदावे प्रकरण सुरू केले.

मित्रांनो, मी तसा नाठाळ होतो. अकरा वर्षांत मी कितीतरी वेळा फीत खाल्ली असेल. चांगले चालता चालता फीत चाकात गुंडाळून ठेवायची आणि मग मुलीने पेन्सिल घालून ती परत ओढायची, हे माझे नेहमीचे. एकदा तर पाहुण्यांसमोर घड्याळजींची फजिती केली होती. त्या सकाळी मात्र मी उत्तम चाललो. ताई आजारी आहेत, आता आपण त्रास द्यायचा नाही, असे मी ठरवले होते. एकदाही अडलो नाही. सहामाहीतले घड्याळजींचे वाद, ताईंचे "स्वरयंत्र काढणार आहेत", त्या दोघांचे शेवटचे बोलणे, सगळे मी पाऊण तासात स्वच्छ पुसले आणि तिथे चौदावे प्रकरण लिहिले.

सव्वीस तारखेला पुस्तक संपले. शेवटची तीस पाने ताईंनी जवळजवळ कुजबुजत वाचली. नावाडिणीला कळते की नवरा बुडाला नव्हता, त्याने स्वतःच होडी सोडून दिली होती आणि तो पलीकडे उतरून चालता झाला होता. ताईंनी ते वाचले, "समाप्त" वाचले आणि बटण बंद केले. कॅसेटमध्ये चार मिनिटांची फीत उरली होती. एखादे वाक्य बोलायला ती पुष्कळ होती. पण त्या थकल्या होत्या आणि संकल्प पुरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी ताई रुग्णालयात दाखल झाल्या. घड्याळजी त्या दिवशी भेटायला गेले नाहीत. शेवटच्या दोन कॅसेट ऐकायच्या राहिल्या होत्या आणि ऑपरेशनच्या आधी ताईंना "संपवलं" असे सांगायचे होते. ते दिवसभर माझ्यासमोर बसून होते. "समाप्त" ऐकल्यावर त्यांनी मला बंद केले नाही, म्हणून पुढची चार मिनिटेही वाजली. तिथे पहिल्या फेरीतला तुकडा उरला होता, एका वाक्याच्या मधूनच सुरू होणारा, दोन आठवड्यांपूर्वीच्या बऱ्या आवाजातला. घड्याळजींनी मान वर केली. मग फीत संपली आणि माझे बटण खटकन वर आले.

अठ्ठावीसला सकाळी मुलगी आणि घड्याळजी रुग्णालयात गेले. मी पिशवीत होतो. ताईंना ऑपरेशननंतर ऐकायला म्हणून मला नेले होते. परिचारिका म्हणाली, दहा मिनिटे बसा, मग त्यांना न्यायचे आहे.

"ताई, संपवलं," घड्याळजी म्हणाले. "दहापैकी नऊ. शेवट मला आधीच ठाऊक होता, पण तरी नऊ."

ताईंनी त्यांचा हात धरला असावा, कारण पलंग करकरला. मग त्यांचा आवाज आला, फाटलेला, हवेने भरलेला. "छो..."

"बोलू नकोस," घड्याळजी चटकन म्हणाले. "घसा जप."

ताई थांबल्या. अकरा वर्षे त्यांनी भावाचे सगळे हट्ट पुरवले होते, हाही पुरवला. बाकीची नऊ मिनिटे कुणीच बोलले नाही. मग चाकांचा पलंग आला आणि त्यांना घेऊन गेला. मी पिशवीत बंद होतो. बाहेर असतो तरी काय झाले असते, लाल बटण मला स्वतःला दाबता येत नाही.

ऑपरेशन चांगले झाले, असे डॉक्टर म्हणाले. गाठ निघाली आणि ताई वाचल्या. त्यांच्या गळ्याला पुढून एक भोक पाडले होते आणि त्यातून त्या श्वास घेत. त्यांना लिहून सगळे सांगता येई. दूधवाल्याला येई, शेजारणीला येई, साऱ्या जगाला येई. फक्त धाकट्या भावाला लिहिलेले दिसत नव्हते.

हे आधी कुणाच्याच लक्षात आले नव्हते, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. पण तसेच झाले खरे. सगळ्यांचे डोळे त्या चारशे बारा पानांवर लागले होते. ताई घरी येऊन बसत, घड्याळजी बोलत, आणि समोरून नुसता श्वासाचा सूं-सूं आवाज येई. मुलगी घरी असली की चिठ्ठ्या वाचून दाखवी. ती कामावर गेली की दोघे एकमेकांसमोर गप्प बसून असत. पुढे ताई त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरे काढू लागल्या. एकेक अक्षर काढायचे, त्यांनी ओळखून मोठ्याने म्हणायचे, मग पुढचे काढायचे. "चहा हवा का" एवढे विचारायला मिनिट लागे. जोडाक्षर आले की दोघेही वैतागत.

एके दिवशी, घरात कुणी नसताना, घड्याळजींनी सहाही कॅसेट टेबलावर ओळीने मांडल्या आणि पहिल्यापासून ऐकायला घेतल्या. गोष्ट ऐकत नव्हते ते. सतत थांबवत, मागे नेत, पुढे नेत. दुसऱ्या दिवशीही तेच. नऊ तासांची फीत त्यांनी तीन दिवसांत चाळून काढली. मग मुलीला विचारले, "सहामाहीची कॅसेट कुठे आहे गं?"

"कोणती सहामाही, बाबा?"

"यंदाची. तिच्यात ताई बोललीय माझ्याशी. या सहांमध्ये कुठेच मला हाक मारलेली नाही. नुसती नावाडीण आहे."

मुलगी त्यांच्याशेजारी बसली. "बाबा, सहामाही सहाव्या कॅसेटवर होती. तिच्यावर चौदावं प्रकरण झालं. मग दुसऱ्या फेरीत तिच्यावर आणखी झालं."

"तू नेऊन दिलीस?"

"तुम्हीच पिशवीत घातली होतीत."

घड्याळजींनी माझ्यावर हात ठेवला. त्यांची बोटे बटणांवरून फिरत लाल बटणाशी येऊन थांबली. मला वाटले, आता मला उचलून आपटतील. मला ते चालले असते. पण त्यांनी शेजारचा रुमाल घेतला, माझ्यावर घातला आणि उठून गेले. नव्वदच्या वर पुस्तके आणि अकरा वर्षांच्या गप्पा होत्या त्या. दूध उतू गेलेले, नदीची नंदी झालेली, हजार वेळा मारलेली 'छोटू' ही हाक. तो सगळा ठेवा माझ्या हातून गेला होता, आणि ज्यांचा होता त्यांनीच तो दर आठवड्याला पुसायला माझ्या स्वाधीन केला होता.

त्यानंतर मी रुमालाखाली पडून राहिलो. मुलीने त्यांना एक फोन आणून दिला. तो कुठलेही पुस्तक स्वतः वाचून दाखवतो, न थकता, न खाकरता, आणि दुधासाठी कधी उठत नाही. घड्याळजी तो ऐकत. किती ऐकले ते मोजणे मात्र त्यांनी सोडून दिले. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी कुणी संकल्प केला नाही.

तरी सहाव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी ताई आल्या. त्या फार वाळल्या होत्या, हे मला त्यांच्या पावलांवरून कळले. गाठ पुन्हा डोके वर काढत होती. घड्याळजींनी माझ्यावरचा रुमाल काढला आणि मुलीने आणलेली नवी कोरी कॅसेट माझ्यात घातली. त्या घरात इतक्या वर्षांत माझ्या पोटात आलेली ती सातवी कॅसेट. त्यांनी लाल बटण दाबले आणि तळहात पुढे केला.

त्या सहामाहीत सगळे घड्याळजीच बोलले. ताई हातावर लिहीत आणि ते मोठ्याने म्हणत. "सा-त. सात? सातव्या भागाला सात? का? छ-पा... छपाई. बरं, काप." मग ते हसले. मग हसणे थांबले आणि त्यांनी विचारले, "ताई, त्या दिवशी रुग्णालयात तू काही बोलणार होतीस. मी गप्प केलं. काय बोलणार होतीस?"

श्वासाचा सूं-सूं आवाज काही वेळ तसाच चालू राहिला. मग तळहातावर बोट घासल्याचा आवाज आला. एक अक्षर. थोडे थांबून दुसरे. पुढे काही नाही.

"छोटू," घड्याळजी म्हणाले. "आणि पुढे?"

काही नाही.

"नुसती हाक मारत होतीस?"

बोट पुन्हा घासले, तीच दोन अक्षरे. ते म्हणाले, "अजून एकदा लिही." ताईंनी लिहिले. "अजून एकदा." फीत संपेपर्यंत तेच चालले होते. माझे बटण वर आल्यावर त्यांनी कॅसेट काढली आणि तिच्या पाठीवरचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे चिमट्याने मोडून टाकले. ते मोडले की लाल बटण त्या कॅसेटवर दाबले जात नाही. अकरा वर्षे ते तुकडे प्रत्येक कॅसेटवर होते, आणि घड्याळजींसारख्या कारागिराला ते काय आहेत हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

पुढची सहामाही आली तेव्हा ताई नव्हत्या. आता घड्याळजीही नाहीत. त्या सातही कॅसेट मुलीकडे आहेत. सहांवर ताईंचा आवाज आहे आणि त्यांत छोटू कुठे नाही. सातवीवर छोटू आहे, पण हाक मारणारीचा आवाज नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला शहाणपण शिकवणार नाही. मी पुसणारे यंत्र, माझे कोण ऐकणार. पण तुमच्या घरात आई, आजोबा, मोठी बहीण, कुणीही तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवत असेल, तर किती पाने झाली ते मोजू नका. मध्येच थांबवा आणि त्यांना काहीतरी विचारा. ते तुमच्याशी बोलू लागले तर बोलू द्या. पुस्तक कुठे जात नाही.